बंदूकवाल्यांच्या घरी करवत

आमच्या घरात कोणतीही वस्तू दुसऱ्याच्या हातात देताना ‘मोकळी’ म्हणायची पद्धत होती. बंदूक देणाऱ्याने ती आधी मधून मोडायची, म्हणजे बिजागरीवर वाकवून उघडायची, नळ्या उजेडाकडे धरून आत काडतूस नाही हे दाखवायचं आणि ‘मोकळी’ म्हणायचं. घेणाऱ्याने स्वतःच्या डोळ्यांनी बघून ‘पाहिली’ म्हणायचं आणि मगच हात लावायचा. आजोबांनी दुकानात घातलेला हा नियम, पण दुकान पुढं आणि घर मागं, मध्ये नुसता एक पडदा. तो नियम पडद्याखालून घरात शिरला. आई कात्री देताना ‘मोकळी’ म्हणायची. मी शाळेतून आल्यावर डबा मोरीत ठेवताना ‘मोकळा’ म्हणायचे आणि आत कारल्याची भाजी उरलेली असली तर जागच्या जागी पकडली जायचे. पुढे लग्न झाल्यावर सासूबाईंच्या हातात रिकामं पातेलं देताना मी सवयीनं ‘मोकळं’ म्हणाले, तेव्हा त्या बाईनं माझ्याकडे अशा काळजीनं पाहिलं की मला आजही हसू येतं.

नागपुरात तेव्हा आमच्यासारखी दुकानं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. बाबूजी, म्हणजे माझे वडील, आणि त्यांच्या आधी आजोबा, दोघंही बंदुका दुरुस्त करायचे. आजूबाजूच्या जंगलांत शिकारीला जाणारे मालगुजार, साहेबलोकांना शिकार घडवून आणणाऱ्या कंपन्यांची माणसं, रानडुकरांनी हैराण झालेले शेतकरी, सगळे आमच्या फळकुटाच्या बाकावर बसून चहा पीत. येताना कोणी चारोळी आणायचा, कोणी मध, कोणी मोहाची वाळलेली फुलं. दुकानाला तेलाचा, जुन्या अक्रोडाच्या लाकडाचा आणि बंदुकीच्या जळक्या दारूचा मिळून एक वास होता. मागच्या खोलीत आई गोळाभात करायची आणि वाढताना वरून लसणाचं कडकडीत तेल सोडायची. त्याचा चर्र आवाज आला की पुढं बाबूजींची कानस थांबायची. त्या कानशीवरून आम्हाला त्यांचं मन कळायचं. लांब, सावकाश ओढ असली तर स्वारी खुशीत, तुटक आवाज आला तर मी अभ्यासाचं पुस्तक उघडून बसायचे, मग अभ्यास असो वा नसो.

बाबूजींची एका रायफलीवर भक्ती होती. ती आमची नव्हती, कळमेश्वरकडच्या एका संत्र्याच्या बागाइतदाराची होती. त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणत. रायफल होती स्वीडनची. भाऊसाहेब ती वर्षातून एकदा साफसफाईला आणायचे आणि बाबूजी मुद्दाम आठ-पंधरा दिवस ठेवून घ्यायचे. मला जवळ बोलवून नळीवरची खूण दाखवायचे. नळीच्या टोकावर नेम धरायला जो छोटा उंचवटा असतो त्याला आम्ही माशी म्हणतो, ती समोरून जशी दिसेल तसं ते लहानसं चिन्ह होतं. “पाह्य बाई,” ते म्हणायचे, “हे करणारा माणूस ज्या दिवशी हे करून राहिला होता, त्या दिवशी त्याच्या डोक्यात दुसरं कायीच नव्हतं.” दुसरं काहीच डोक्यात नसणं हा त्यांच्या लेखी सर्वांत मोठा गुण होता. आई म्हणायची, हा गुण आपल्या घरात जरा जास्तच झाला आहे.

ती असं म्हणायची त्याला कारण होतं. शिकारीवर बंदी आली आणि आमचा बाक रिकामा झाला. मालगुजारांच्या भिंतीवरच्या बंदुका भिंतीवरच राहिल्या. कंपन्यांची माणसं कुठे गेली कोण जाणे. वाघ-हरणं वाचली ही गोष्ट चांगलीच झाली, हे बाबूजीसुद्धा कबूल करायचे, पण त्यानं चूल पेटत नव्हती. लोक काम घेऊन येत नव्हते असं मुळीच नाही. शेतकरी फवारणीचे पंप आणायचे, शेजारी स्टोव्ह आणायचे, कोणी कुलूप, कोणी सायकल. बाबूजी हात जोडून म्हणायचे, “आपण बंदूकवाले जी. दुसरं काम आपल्याकडे होत नाही.” आईच्या शिलाई मशीनलाही त्यांनी हात लावला नाही. ती मशीन टाके सोडायला लागली होती आणि घर तर तिच्याच ब्लाउज-परकरांवर चाललं होतं. आई ती मशीन रिक्षात घालून इतवारीत एका कारागिराकडे घेऊन गेली. नवरा अख्ख्या विदर्भात नावाजलेला मिस्त्री आणि बायको दुसऱ्याच्या दुकानात मशीन घेऊन रांगेत बसलेली. परत आल्यावर तिनं रिक्षातून मशीन एकटीनंच उतरवून आत नेली.

अशात मामाजींनी, म्हणजे आईच्या मोठ्या भावानं, एका बँकेत बाबूजींसाठी गनमॅनची नोकरी बघून ठेवली. खाकी कपडे, डोक्यावर टोपी, दारात खुर्ची आणि महिन्याच्या महिन्याला पगार. मामाजी मनानं सरळ माणूस, त्यांना बहिणीचे हाल बघवत नव्हते. “भाऊजी, तुमाले बंदुकीतलं एवढं समजते, तुमाले नाही ठेवतीन तं कोणाले ठेवतीन?” ते म्हणाले. बाबूजींनी दसऱ्यापर्यंत मुदत मागितली. त्यांना काय वाटत होतं ते मला नीट माहीत होतं, कारण एकदा त्यांनी ते माझ्यापाशी बोलून दाखवलं. ज्या माणसानं आयुष्यभर लोकांच्या बंदुका जिवंत केल्या, त्यानं आता एक गंजकी बंदूक मांडीवर घेऊन दारात बसायचं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याकडे बघायचं. त्यात चोरीमारीचं काही नव्हतं, लाज वाटावी असंही काही नव्हतं, पण ते आत कुठेतरी मरणार होते. आईला ती नोकरी हवी होती. तिचंही चूक नव्हतं. मी दोघांच्या मधे भाकरी खात बसायचे आणि कोणाची बाजू घ्यावी ते मला कळायचं नाही.

त्या पावसाळ्याच्या शेवटी भाऊसाहेब आले ते रायफल न घेता. त्यांच्या माणसानं जीपमधून एक गोणपाटात गुंडाळलेली वस्तू काढून बाकावर ठेवली. भाऊसाहेबांचा भाचा इंजिनियर होऊन स्वीडनला नोकरीला लागला होता. मामाच्या बागेत संत्र्याची झाडं वाळून चालली आहेत हे ऐकून त्यानं पेट्रोलवर चालणारी एक करवत सुटी करून सामानातून आणून दिली होती. जोडल्यावर ती दोन-चार दिवस चालली आणि मग रुसली. “कोणाले दाखवू गा मिस्त्री?” भाऊसाहेब म्हणाले. “मोटारवाले म्हणतात, आमी असली मशीन पाह्यलीच नाही.” बाबूजींचे हात जोडायला निघालेच होते. तेवढ्यात त्यांची नजर करवतीच्या बाजूला गेली. तिथे तीच खूण होती, समोरून पाहिलेल्या माशीची.

बाबूजी खाली बसले. “भाऊसाहेब, हे तं आपल्या रायफलीवाले.”

“तेच,” भाऊसाहेब म्हणाले. “मीही भाच्याले हेच इचारलं. तो त्यांचा कारखाना पाहून आला. कोण्या राजानं म्हणे बंदुकांसाठी बसवला होता, धबधब्यापाशी. पाण्याच्या जोरावर नळ्यांले भोकं पाडायचे. मंग लढाया सरल्या. इतक्या बंदुका घेईन कोण? तं त्यायनं शिलाई मशीन काढली.”

“काय काढली?” पडद्यामागून आईचा आवाज आला.

“शिलाई मशीन, वयनी. मंग खिमा कराची मशीन, चुली, सायकली, फटफट्या. अन् आता ही करवत, गवत कापाच्या मशिनी. बंदुका कमी कमी करून राहिले म्हणे.”

आई पडदा सारून बाहेर आली. भाऊसाहेबांसमोर ती सहसा यायची नाही. डोक्यावरचा पदर सारखा करत ती बाबूजींकडे बघून म्हणाली, “तुमी तं म्हणत होते, खरा बंदूकवाला दुसऱ्या कशाले हात लावत नाही. आता बोला.” भाऊसाहेब असे काही हसले की समोरच्या पानवाल्यानं मान बाहेर काढली. बाबूजी मात्र हसले नाहीत. ते त्या खुणेवरून अंगठा फिरवत राहिले. ज्याला देव मानलं तोच शेजाऱ्याच्या दारात दळण दळताना दिसावा, तसं त्यांचं झालं असावं. दुसऱ्या दिवशी मी शाळेतून आले तर आईच्या मशीनची वरची पाटी उघडलेली, बाबूजी डोळ्यांना भिंग लावून आत वाकलेले आणि आई स्वयंपाकघरात चुलीकडे तोंड करून रडत होती. इतवारीत नेऊन आणूनही टाके सोडणाऱ्या त्या मशीननं त्यानंतर कधी टाका सोडला नाही.

आता मी सत्तरीकडे झुकले आहे आणि दुकान माझ्याच हाती आहे, म्हणून मधेच एक सांगते. परवा शहराबाहेर मिहानकडच्या एका मोठ्या कंपनीच्या आवारात आम्हाला बागेच्या यंत्रांच्या दुरुस्तीला बोलावलं होतं. तिथे हिरवळीवर एक कासवाएवढं यंत्र आपलं आपण गवत कापत फिरत होतं आणि थकलं की स्वतः जाऊन भिंतीपाशी वीज पीत बसत होतं. वाकून पाहिलं तर त्याच्या पाठीवर तीच खूण. नातवानं मोबाइलवर सगळा इतिहास काढून वाचून दाखवला. भाऊसाहेबांनी सांगितलं होतं त्यात फारसं खोटं नव्हतं. बंदुका त्यांनी पुढे अजिबातच सोडल्या, पण कारखान्याला तीनशेहून जास्त वर्षं झाली तरी खूण सोडली नाही. मी त्या यंत्राच्या मागे मागे थोडं चालले. तिथली पोरं हसली असतील, हसू देत.

तर बाबूजींनी करवत उघडली. आणि इथे त्यांनी अशी चूक केली, जी बंदूकवाल्याशिवाय दुसऱ्या कोणाच्या हातून झाली नसती. आमच्या धंद्यात एक गोष्ट गायत्री मंत्रासारखी पाठ असते. बंदूक ठेवताना नळीला आतून तेल लावायचं, पण झाडण्याआधी ते पुसून नळी कोरडी ठक्क करायची. नळीत तेल राहिलं तर दाब वाढतो आणि नळी फुटू शकते. बाबूजींना त्या इंजिनाचं सिलिंडर म्हणजे एक आखूड नळीच दिसली. आत पाहतात तर तेलाचा काळा चिकट थर. त्यांचं डोकंच फिरलं. “कोण्या अडाण्यानं नळीत तेल ठेवलं वं!” म्हणत त्यांनी ते घासून, पुसून असं लख्ख केलं की त्यात तोंड दिसावं. कार्बोरेटरमधला कचरा काढला, ठिणगीचा प्लग साफ केला. भाच्यानं तेल टाकायला सांगितलंय, एवढं भाऊसाहेबांना आठवत होतं. साखळीसाठी तेलाची वेगळी टाकी समोर होतीच, ती बाबूजींनी काठोकाठ भरली आणि दुसऱ्या टाकीत नुसतं शुद्ध पेट्रोल ओतलं. अंगणात दोरी ओढली तशी करवत दोन मिनिटं छान गर्जली. त्या दिवशी कानशीची ओढ लांब होती.

भाऊसाहेबांनी बागेत प्रात्यक्षिक ठेवलं. आसपासचे बागाइतदार बोलावले, कारण मशीन चालली तर आपणही मागवू आणि दुरुस्तीला मिस्त्री आहेच, असा सगळ्यांचा विचार होता. बाबूजींना हे माहीत होतं. त्यांनी इस्त्रीचा सदरा घातला. आम्ही सगळे गेलो, मामाजी त्यांच्या स्कूटरवर मागून आले. आईनं वडाभात आणि टमाटरची चटणी बांधून घेतली होती. बाबूजींनी पहिलं वाळकं झाड कापलं, दुसरं कापलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिसऱ्या झाडात करवत अर्ध्यावर गेली आणि एकदम किंचाळली. किंचाळली आणि थांबली. बाबूजींनी दोरी ओढली तर दोरी जागची हलेना. इंजिनातून जळका वास यायला लागला. 

मामाजी पुढे झाले. वाकून वास घेतला आणि म्हणाले, “भाऊजी, पेट्रोलात ऑइल किती मिसळलं होतं?”

“पेट्रोलात?” बाबूजी म्हणाले. “पेट्रोलात कायले?”

तेव्हाच्या नागपुरात स्कूटर चालवणाऱ्या प्रत्येकाला पेट्रोलात तेल मिसळायचं असतं हे माहीत होतं. पंपावर माणूस पेट्रोल भरता भरता डब्यातून ओतायचाच. बाबूजी जन्मभर सायकलवर. मामाजींनी हळू आवाजात समजावलं की अशा इंजिनाला वेगळं तेल मिळत नाही, पेट्रोलातून जाईल तेच त्याचं वंगण. झाडांना टेकून उभे असलेले दोघे-तिघे हसले. भाऊसाहेब घाईघाईनं म्हणाले, “जाऊ द्या गा, परदेशी माल, त्यात आधीच कायतरी बिघाड असन.” निसटायला वाट चांगली रुंद होती. बाबूजींनी ती घेतली नाही. ते सगळ्यांकडे तोंड करून उभे राहिले आणि म्हणाले, “आधी बिघाड नव्हता जी. मी बिघडवली. तेलानंच जिवंत होती ते, मी तिले पुसून काढलं.” वडाभात कोणी खाल्ला नाही. मला तेव्हा जमिनीत गडप व्हावंसं वाटलं होतं. आज वाटतं, माझ्या बापानं माझ्यासमोर केलेली सगळ्यात मोठी गोष्ट तीच.

परतीच्या वाटेवर मामाजी आईला म्हणाले की आता दसऱ्यानंतर लगेच बँकेत हजर व्हायचं, साहेबांशी बोलणं झालंय. आईनं मान हलवली. खाकी कपडे घरी आले, तिनं स्वतःच बाही कमी केली. बाबूजींनी कपड्यांकडे पाहिलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. भाऊसाहेबांकडून मागून आणलेली करवत घेऊन ते बसले. सिलिंडरच्या आतल्या भिंतीला पिस्टनचं अ‍ॅल्युमिनियम वितळून चिकटलं होतं. नळीत गोळ्यांचं शिसं धरतं तसंच हे, ते म्हणाले, आणि शिसं काढणं तर त्यांचं रोजचं काम. पण शिसं निघतं, हे निघेना. जास्त घासावं तर आतला कडक मुलामा जाणार. कानस उचलायची आणि खाली ठेवायची, असं चाललेलं. कानशीचा आवाजच नाही, हे मी पहिल्यांदा अनुभवलं आणि ते तुटक आवाजापेक्षा वाईट होतं.

आई भांडी पुसत होती. ती सहज म्हणाली, “अ‍ॅल्युमिनियम हाय ना ते?”

“होय.”

“मंग मागच्या वर्षी मी साबण कराले कॉस्टिक सोडा अ‍ॅल्युमिनियमच्या गंजात, त्या मोठ्या पातेल्यात कालवला, तवा काय झालं होतं? गंजाले भोक पडलं. अन् लोखंडाच्या घमेल्याले कायीच नाही झालं.”

बाबूजींनी कानस बाजूला ठेवली. मग उठून म्हणाले, “आहे काय वं तो सोडा?” तिनं फळीवरचा डबा काढून दिला, आणि देताना बजावलं, हाताले लावू नका, डोळ्याले तर मुळीच नाही. बाबूजींनी काडीला चिंधी बांधली आणि थेंब थेंब लावत गेले. ते चिकटलेलं अ‍ॅल्युमिनियम फसफसायला लागलं आणि खालची भिंत जशीच्या तशी निघायला लागली. आई शेजारी पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. ते दोघं एका कामावर वाकलेले मी त्याआधी कधी पाहिले नव्हते. त्यानंतर त्यांनी पिस्टन हातानं घासून सारखा केला, त्यावरच्या अडकलेल्या कड्या मोकळ्या केल्या, सिलिंडर आतून बंदुकीच्या नळीसारखं फिरवून फिरवून गुळगुळीत केलं. या वेळी शेवटी पुसलं नाही. स्वतःच्या बोटानं आत तेल लावलं. लावताना त्यांचा चेहरा असा होता की जणू कोणीतरी त्यांना देवळात चपला घालून जायला सांगितलंय.

पण करवत सुरू होईना. दसरा झाला. खंडेनवमीला दरवर्षी पाटावर बंदुकीची हत्यारं मांडत, त्या वर्षी त्यांच्यातच ती करवत बसली होती, हळद-कुंकू लावून, आणि मुकी. बँकेत हजर व्हायची सकाळ उजाडली. आईनं खाकी कपडे खुर्चीवर ठेवले, पाणी तापवलं. बाबूजी अंगणात बनियनवर, समोर करवत, प्लग काढ, पूस, परत लाव, दोरी ओढ. घामानं पाठ निथळत होती. आई दारातून बघत होती. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. तिला पगार हवा होता, त्यात कुठेच फरक पडला नव्हता. रात्रंदिवस दुसऱ्यांचे ब्लाउज शिवून तिची मान दुखायची, ती मान ती तेव्हाही एका हातानं दाबत होती.

गल्लीत स्कूटर थांबली. मामाजी इस्त्रीच्या कपड्यांत आत आले, अंगण पाहिलं आणि कपाळाला हात लावला. “अहो भाऊजी, आंघोळ नाही झाली अजून? साहेब वाट पाहून राहिले. हे खेळणं मागाहून खेळा.”

बाबूजी उठले. त्यांनी हात पुसले आणि खरंच आत यायला निघाले. तसा माणूस होता तो, शब्द दिला होता ना. आई दारातून हलली नाही. दार आमचं अरुंद, ती उभी असली की दुसऱ्याला आत जाता येत नसे.

“दादा,” ती म्हणाली, “ते नाही येत.”

“नाही येत म्हणजे?”

“त्यायले काम आहे.”

“कोणतं काम?” मामाजींचा आवाज चढला. “बंद पडलेली मशीन घेऊन बसला माणूस, हे काम? घर कशावर चालवशीन तू?”

“चालवत आली ना आतापर्यंत,” आई म्हणाली. “तुमी माह्यासाठी केलं, मले समजते ते दादा. साहेबाले सांगा, माणूस नाही मिळाला. चहा घेऊन जा.”

मामाजी चहा न घेता गेले. स्कूटरचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू आला. बाबूजी अंगणाच्या मधोमध उभे होते, हातात फडकं, आणि त्यांना आईकडे बघायची हिंमत होत नव्हती. मग ते खाली बसले, एक पाय करवतीवर रोवला आणि दोरी ओढली. काही झालं नाही. पुन्हा ओढली. इंजिन नुसतं खोकलं आणि गप्प झालं.

“ओढा अजून,” आई म्हणाली.